हरताळावरची घोडी

आमची घोडी पोटभर खाऊन मेली, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे. मग मी विषय बदलते. थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. भांडणाऱ्यांपैकीही नव्हते, आणि नव्हते म्हणूनच हे सगळं झालं, हेही मला ठाऊक आहे. पण दोष वाटायचाच झाला तर माझा वाटा मी आधी उचलेन आणि उरलेला आमच्या चाळीत मजल्यामजल्यावर जाऊन देऊन येईन.

गिरगावात आमच्या चाळीच्या मागे एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला तबेला. तो एका शेठजींचा. आजोबा तरुणपणी कोकणातून आले ते शेठजींच्या घोड्यांचे मोतद्दार म्हणून. घोड्यांना खायला घालणं, चोळणं, फिरवणं हे त्यांचं काम. शेठजींनी मोटार घेतली तेव्हा घोडे विकले आणि जुनी व्हिक्टोरिया घोडागाडी आजोबांना देऊन टाकली. त्यानंतर आजोबांनी एकीनंतर एक अशा तीन घोड्या सांभाळल्या. ही तिसरी, काळसर तांबड्या रंगाची, मोठ्या पोटाची, फारशी देखणी नाही. शेठाणीबाईंच्या शब्दावर मला कॉन्व्हेंटमध्ये घेतलं होतं. त्यामुळे सकाळी मी तबेल्यात लीद काढत असे आणि दहा वाजता इंग्रजीत प्रार्थना म्हणत असे. शाळेत मी तबेल्याचं बोलत नसे आणि चाळीत शाळेचं. दोन्हीकडे गप्प राहायची सवय मला अशी लागली.

वडील बोटीवर नोकरीला होते, वर्षातून एकदा घरी येत. आई त्या महिन्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी गावी गेली होती. माझी शाळा संपली होती आणि टायपिंगचा क्लास चालू होता. म्हणजे घरात आजोबा आणि मी, आणि बोळात घोडी.

घोडं सांभाळणं म्हणजे काय, हे लोकांना वाटतं त्यापेक्षा साधं आणि त्यापेक्षा कडक असतं. घोड्याला ओकता येत नाही. गाईम्हशींसारखं रवंथही करता येत नाही. आत गेलं ते गेलं. म्हणून त्याला एकदम पोटभर कधी घालायचं नाही, थोडंथोडं, दिवसातून तीनदा-चारदा, आणि वेळ चुकवायची नाही. पाणी आधी, दाणा नंतर. दाण्यावर लगेच पाणी पाजलं तर दाणा पोटात फुगतो. कामावरून घामेजून आली की आधी सावकाश फिरवायची, अंग वाळलं की खरारा करायचा, मग पाणी. खूर रोज उचलून बघायचे, नालेत खडा अडकला आहे का, खुराला वास येतो आहे का. गवत झटकून घालायचं. धूळ असेल तर पाण्याचा हात मारायचा. हे मी शिकले ते आजोबांच्या बोलण्यातून नाही, त्यांच्या मागे मागे उभी राहून. ते फार बोलत नसत. बोलले तर मालवणीत, आणि घोडीशी आणि माझ्याशी एकाच शब्दात. आम्ही दोघीही ‘बाय’.

पण एक गोष्ट ते तोंडाने सांगत, पुन्हा पुन्हा सांगत. घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात. आमच्याकडे भिजवलेले हरभरे आणि गव्हाचा कोंडा. ही चंदी कामाची असते, घोडीची नव्हे. ज्या दिवशी घोडी गाडीला जुंपायची नाही त्या दिवशी चंदी बंद. नुसतं गवत, पाणी आणि बोळात चार फेऱ्या.

“ती मागतली,” आजोबा सांगत. “पाय आपटून मागतली. तरी देव नको. उभ्या घोडीक दाणो म्हणजे आग.”

असं का, ते त्यांना सांगता येत नसे. शेठजींच्या पागेत एक घोडा असा गेलेला त्यांनी पाहिला होता, तेवढं त्यांना पुरेसं होतं. मलाही पुरलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत हरताळ वरचेवर पडत. मी चळवळीच्या विरुद्ध नव्हते. हे लिहावं लागतं याचाच मला राग येतो. मुंबई महाराष्ट्राचीच, यात मला कधी शंका नव्हती. पण मी कॉन्व्हेंटची, म्हणून चाळीतल्या लोकांनी माझ्या वतीने माझं मत ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या मजल्यावर एका कचेरीतले हेडक्लार्क राहत. ते चाळीच्या समितीचे सेक्रेटरी. मी जिन्यावरून खाली येताना दिसले की ते हमखास म्हणत, “काय मिसबाई, तुमच्या मडमा काय म्हणतात आमच्या मुंबईबद्दल?” आणि गॅलरीतले सगळे हसत. मी पदर सारखा करून पुढे जात असे. मडमा काय म्हणत होत्या ते चांगलं नव्हतंच, पण मला कुणी उत्तरासाठी विचारत नव्हतं.

त्या खेपेला हरताळाच्या पहिल्या दिवशी आजोबा घरीच होते. चंदी बंद, गवत चालू, बोळात फेऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की लालबागला त्यांची बहीण आजारी आहे. ते पायी निघाले. जाताना तबेल्याच्या दाराशी उभे राहून म्हणाले, “घोडीक दाणो देव नको हां. उभी आसा तवसर नुसता गवत.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

दुपारी तिकडे गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. आजोबा लालबागला अडकले. आमच्या बोळाच्या तोंडाशी मुलांनी दगड आणि डांबराची पिंपं रचून ठेवली होती, त्यामुळे घोडी फिरवायला जागाच राहिली नाही. तिला खुंट्याभोवती वळवण्यापलीकडे मला काही करता येईना.

आणि चाळीला घोडी सापडली.

बाहेर पडता येत नाही, कचेऱ्या बंद, पत्ते खेळून कंटाळा आलेला. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की ही घोडीसुद्धा हरताळावर आहे. सेक्रेटरींनी समितीची कागदी फीत तिच्या गळ्यात बांधली. लहान मुलं गुळाचे खडे घेऊन आली. बायका उरलेल्या पोळ्या, एक जण ताटभर शिरा. मी दाराशी उभी राहून म्हणत होते, “नको, तिला चालत नाही.” पण मी बोलते कशी ते मला माहीत आहे. शेवटचा शब्द माझा मलाच ऐकू येत नाही.

“उपाशी ठेवलीय बघा घोडी,” तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. “नुसतं गवत घालते.”

“साहेबी शाळेत हेच शिकवत असतील,” सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातल्या हरभऱ्याच्या गोणीचं तोंड सोडलं. दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून तोबरा भरला, म्हणजे घोडीच्या तोंडाला अडकवायची ती चंदीची पिशवी, आणि तिच्या कानामागून अडकवला. भिजवलेसुद्धा नाहीत. आमच्या घोडीने तोंड खुपसलं. तिला काय कळतंय? ती मागणारच, असं आजोबा म्हणायचे ते खरंच होतं.

ते वर गेल्यावर मी तोबरा उतरवला. तेवढ्यात ते पुन्हा खाली आले.

“मिसबाई, मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढतेस?”

गॅलरीत बायका होत्या. सगळ्या बघत होत्या. त्यांनी तोबरा माझ्या हातातून घेऊन परत अडकवला आणि मी घेऊ दिला. हे वाक्य मी मनात हजार वेळा लिहिलं आहे: मी घेऊ दिला.

तिसऱ्या दिवशी मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘घोडीला दाणा घालू नये’, आणि ती तबेल्याच्या दाराला टांगली. मला वाटलं, बोलता येत नाही तर लिहावं. तासाभराने बघते तर माझं पुसून कुणीतरी त्यावर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं लिहिलेलं. अक्षर चांगलं होतं. खाली घोडी तोबऱ्यात तोंड घालून उभी. त्या दिवशी तिला तीनदा चंदी मिळाली, मेहनतीच्या दिवसात मिळते त्याहून जास्त. पोट तट्ट, डोळे चमकदार, पाय आपटत होती. सगळे म्हणाले, बघा कशी टवटवीत झाली.

चौथ्या दिवशी सकाळी संचारबंदी उठली. शिवाजी पार्कला सभा होती आणि चाळीत एक पुढारी मुक्कामाला होते. वयस्कर, गुडघे दुखणारे. बस-ट्रामचा भरवसा नव्हता. सेक्रेटरींनी ठरवून टाकलं की ते आमच्या व्हिक्टोरियातून जातील. बोळाच्या तोंडचे दगड आणि पिंपं हटवून गाडीला आंब्याची पानं बांधून झाली तेव्हा मला कळलं.

“आधी तिला दोन दिवस नुसती फिरवायला हवी,” मी म्हटलं.

“दोन दिवस? सभा आज आहे गं बाई!”

इतक्यात आजोबा आले, लालबागहून पायी, थकलेले. त्यांच्याभोवती घोळका जमला. पुढारी स्वतः खाली आले आणि त्यांनी आजोबांना हात जोडले. माझ्या आजोबांना आयुष्यात कुणी हात जोडले नव्हते. त्यांनी फेटा नीट केला. घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळले.

“बाय, चंदी घातलंस?”

मी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी हसत म्हणाले, “छे हो! तुमच्या नातीनं नुसत्या गवतावर ठेवली. पक्की आहे पोरगी.”

ते खोटं बोलले असं मला आजही म्हणता येत नाही. मी गवतावरच ठेवली होती. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, एवढंच; त्यांच्या लेखी त्या पुढच्याला काही महत्त्वच नव्हतं.

“शाबास गो,” आजोबा म्हणाले, आणि साज उचलला.

तेव्हा बोलायचं होतं. पाच शब्द पुरले असते. पुढारी उभे होते, चाळ उभी होती, आजोबांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं. मी काही बोलले नाही. मी फक्त गाडीत मागे चढून बसले, कारण मला भीती वाटत होती, आणि आजोबांना वाटलं मला सभेला यायचं आहे.

पुढारी आणि सेक्रेटरीही गाडीत बसले. ग्रँट रोडपर्यंत घोडी उधळल्यासारखी धावली. आजोबा लगाम खेचून धरत होते. भायखळ्यापाशी तिला घाम सुटला, ऊन नसताना, कानांपासून शेपटीपर्यंत. पूल उतरल्यावर मागचे पाय आखूड पडायला लागले. मी खाली वाकून बघत होते. लालबागला, जिथे रस्ता माणसांनी भरलेला होता, ती थांबली. मागच्या भागाचे स्नायू फळीसारखे ताठ झालेले, वरून थरथर दिसत होती. तिने लघवी केली. ती काळ्या कॉफीसारखी होती.

आजोबा खाली उतरले, रस्त्यावरच्या त्या डागाकडे बघत राहिले, आणि ओरडले, “हलवू नको रे तिका! येक पाऊल पण नको!”

गर्दीत कुणाला ते समजलं नाही. मागून मोर्चा येत होता, घोषणा चालल्या होत्या, गाडी मधोमध अडलेली. पुढारी उतरून चालायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, “आजोबा, बाजूला तरी घ्या. दोन फटके द्या, चालेल.” दोघा-तिघांनी लगाम धरला.

मी उडी मारून घोडीपुढे उभी राहिले आणि ओरडले. खरंच ओरडले. आणि तोंडातून काय आलं, तर “डोन्ट टच हर!”

नऊ वर्षं शाळेत मोठ्याने बोलायचं ते इंग्रजीतच, असं शिकवलं होतं. रागावायला माझ्याकडे दुसरी भाषा तयारच नव्हती. त्या दिवशी, त्या रस्त्यावर, त्या मोर्चापुढे इंग्रजी! एक जण म्हणाला, “अरे, मडमीण आली रे!” हशा पिकला. “बाजूला हो गं राणीच्या बहिणी.” कुणीतरी मला दंडाला धरून बाजूला केलं. सेक्रेटरींनी मला ओळखत असल्याचं दाखवलं नाही. दोघांनी पुढून ओढली, चौघांनी मागून ढकलली. बारा पावलं. मी मोजली. तेराव्याला तिचं मागचं अंग खाली बसलं आणि गाडीचे दांडे वाजले.

मग मात्र ज्यांनी ओढली त्यांच्यातल्याच दोघा गिरणी कामगारांनी साज सोडवायला हात लावला. चाकू काढून पट्टे कापले. मसाला कुटणाऱ्या एका बाईने आपल्या दुकानाची पडवी मोकळी करून दिली, अंगावर घालायला गोणपाटं दिली, पाणी तापवलं. घोडी फळीवरून सरकवत आत घेतली. परळहून जनावरांचे डॉक्टर चालत आले. त्यांनी मांड्या दाबून पाहिल्या आणि विचारलं, किती दिवस उभी होती, काय खात होती.

आजोबा म्हणाले, “गवत.”

“फक्त गवत? शक्य नाही.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. “दाणो कोणी घातल्यान?”

मी सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी, किती वेळा, कुणी, कोरडे की भिजलेले. डॉक्टर ऐकत होते. म्हणाले, साहेबांच्या तबेल्यात हा रोग सोमवारी दिसायचा. रविवारी घोडे उभे राहायचे आणि नोकर चंदी तेवढीच घालायचे. सोमवारी जुंपले की कोसळायचे. “थांबली तिथेच राहू दिली असती तर कदाचित वाचली असती,” ते म्हणाले, आणि सुई भरायला लागले.

घोडीचं डोकं आजोबांनी मांडीवर घेतलं होतं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तोवर तिने चार-पाच वेळा उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय रोवून, आणि दर वेळी मागचं अंग तिच्यामागे आलंच नाही.

सेक्रेटरी त्यानंतर आले. हातात झेंडूचा हार.

“आजोबा, सभेत घोडीचा उल्लेख झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चळवळीत तिनंही—”

“गोणी कुणी सोडली तेही सांगितलंत का सभेत?” मी विचारलं.

ते गोंधळले. मग दुखावले. खरोखर दुखावले, ढोंग नव्हतं, आणि त्याचा मला सर्वांत जास्त राग आला. “अगं, प्रेमानं घातलं आम्ही. सगळ्या चाळीनं. तुला बोलायला काय झालं होतं?”

आजोबांनी मान वर केली. त्यांनी सेक्रेटरींना काहीच विचारलं नाही. मला विचारलं.

“बाय, मी विचारलंय तेव्हा तू खंय होतंस?”

“तिथेच,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. एवढंच. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही, आणि काढला असता तर बरं झालं असतं.

म्युनिसिपालिटीची गाडी येऊन घोडीला घेऊन गेली. रस्त्याच्या कडेला आमची व्हिक्टोरिया उभी होती, आंब्याची पानं सुकलेली. ती गिरगावात परत न्यायची होती आणि ओढायला कुणी नव्हतं. ते दोन कामगार पुढच्या दांड्यांना लागले. आजोबा एका बाजूने हात लावायला गेले तर त्यांनी त्यांना आत बसवलं. सेक्रेटरी हार घेऊन तसेच उभे होते. मग तेही पुढे येऊन दांडा धरायला लागले.

“तुम्ही मागून ढकला,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. ते मागे गेले. मी त्यांच्या शेजारी लागले.

लालबाग ते गिरगाव वाट लांब आहे, आणि घोड्याशिवाय चाललेली व्हिक्टोरिया पाहिली की लोक विचारतात. पहिल्यांदा एका पानवाल्याने विचारलं, “काय झालं? घोडी कुठंय?” सेक्रेटरी सांगायला गेले, “चळवळीत—” आणि मी मोठ्याने, मराठीत, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हटलं, “मेली. उभ्या घोडीला दोन दिवस चणे चारले यांनी. मी बघत होते आणि बोलले नाही.”

ते म्हणाले, “हळू बोल गं.”

भायखळ्याच्या पुलाच्या चढावर दुसऱ्या कुणी विचारलं. मी तेच सांगितलं, शब्दही तेच. ग्रँट रोडला दोघांनी विचारलं, त्या दोघांनाही सांगितलं. आमच्या बोळाच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावून विचारलं, “अगं बाई, काय झालं गं?” सेक्रेटरी मान खाली घालून ढकलत होते. मी त्यांच्याकडे न बघता काकूंना सांगायला सुरुवात केली. गॅलरीतही सगळ्या आल्या होत्या, म्हणून आवाज आणखी वाढवला.